तरुणपणी आलेला पक्षाघात, गुठळीची जनुकं आणि चौथ्या दिवशीचा रिपोर्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठा भाऊ ३४ वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी सकाळी उठल्यावर उजवा हात लुळा पडला, शब्द अडखळायला लागले. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला छोटा इन्फार्क्ट (रक्त न पोहोचल्याने मेलेला भाग) निघाला. आता हात बराच सुधारलाय, अ‍ॅस्पिरिन चालू आहे. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल ठीक, सिगारेट अधूनमधून. झटक्याच्या आदल्या आठवड्यात व्यायाम करून आल्यावर डावी मान आणि डाव्या डोळ्यामागे दुखत होतं, 'आखडली असेल' म्हणून सोडून दिलं. दाखल केल्यावर चौथ्या दिवशी थ्रॉम्बोफिलिया पॅनेल (गुठळ्या होण्याच्या प्रवृत्तीच्या रक्ततपासण्या) केलं. त्यात फॅक्टर फाइव्ह लायडन हेटेरोझायगस (म्हणजे बदललेल्या जनुकाची एकच प्रत), एमटीएचएफआर हेटेरोझायगस आणि प्रोटीन एस कमी, असं आलं. घरात आता 'आनुवंशिक आहे' हे ठरून गेलंय. बहीण विचारते: हेच कारण का? त्याला जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या लागतील का? मी ३१ वर्षांची, मला अर्धशिशी आहे, गर्भनिरोधक गोळ्या घेते. मीही ही तपासणी करून घ्यावी का?

रिपोर्टातल्या तीन गोष्टींपैकी एकही मला तुमच्या भावाच्या पक्षाघाताचं कारण म्हणून पटत नाही. एक निरर्थक आहे, एक चुकीच्या दिवशी मोजली आहे आणि एक खरी आहे पण बहुधा दुसऱ्याच गुन्ह्यातली आरोपी आहे. माझं लक्ष गेलं ते मानदुखीकडे. तिच्याकडे येतोच, पण आधी रिपोर्टाचा निकाल लावू, कारण घरच्यांची झोप त्याने उडवली आहे.

असा रिपोर्ट समोर आला की मी आधी आकडे वाचत नाही. वरच्या कोपऱ्यात रक्त घेतल्याची तारीख असते ती बघतो, मग केसपेपरवरची झटका आल्याची तारीख, मग त्या दिवशीचा औषधांचा तक्ता. रक्त पातळ करणारं हेपरिन चालू होतं का? त्याच कामाची वॉरफरिनची गोळी सुरू झाली होती का? ताप होता का? या चार गोष्टी कळल्याशिवाय प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन यांच्या आकड्यांना काही अर्थ नसतो. ही तिन्ही रक्त गोठण्याला लगाम घालणारी नैसर्गिक प्रथिनं. ताजी गुठळी झाली की ती खर्ची पडतात आणि पातळी घसरते. हेपरिनने अँटिथ्रॉम्बिन कमी दिसतं. वॉरफरिनने सी आणि एस दोन्ही उतरतात, कारण ती यकृतात व्हिटॅमिन केच्या मदतीने तयार होतात आणि वॉरफरिन नेमकं तिथेच आडवं येतं. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर प्रोटीन एस एरवीही कमीच असतं.

प्रोटीन एसचं आणखी एक लफडं आहे. रक्तातलं सुमारे ६० टक्के प्रोटीन एस दुसऱ्या एका प्रथिनाला चिकटून असतं, मोकळं उरतं तेवढंच कामाचं. ते दुसरं प्रथिन शरीरात कुठेही दाह झाला की वाढतं आणि मोकळं प्रोटीन एस गिळून बसतं. म्हणजे न्यूमोनिया झालेल्या माणसाचंही प्रोटीन एस कमी येऊ शकतं. (नावातला 'एस' सिअ‍ॅटल शहराचा, तिथे ते सापडलं म्हणून. आणि प्रोटीन सी म्हणजे वेगळं करताना आलेला तिसरा, 'सी' क्रमांकाचा उंचवटा. एवढ्या भारदस्त रिपोर्टामागची नावं इतकी साधी आहेत.) तेव्हा चौथ्या दिवशीचं कमी प्रोटीन एस 'कमतरता' म्हणून फाइलला लावू नका. झटक्यानंतर तीन महिने उलटले की, रक्त पातळ करणारं औषध चालू नसताना, फ्री प्रोटीन एस पुन्हा मोजा. बहुतेकांचं नॉर्मल येतं. खरी आनुवंशिक कमतरता दुर्मीळ आहे आणि असली तर घराण्यात पायातल्या गुठळ्यांचा इतिहास सहसा सापडतो.

एमटीएचएफआरबद्दल मी जरा तिखट बोलणार आहे. या जनुकातला सी-६७७-टी हा बदल इतका सर्रास आहे की अनेक लोकसमूहांत दर तीन-चार जणांमागे एकाकडे त्याची निदान एक प्रत असते. तुमच्या भावाकडे एकच प्रत आहे, तिने रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्लसुद्धा धड वाढत नाही. दोन्ही प्रती असतील तर, आणि आहारात फोलेट (फोलिक आम्लाचं व्हिटॅमिन) कमी असेल तर, होमोसिस्टीन थोडं चढतं. मग सरळ होमोसिस्टीनच मोजावं, जनुक कशाला? आणि ते वाढलेलं दिसलं तर आधी बी-१२ बघावं, मूत्रपिंड बघावं, थायरॉइड बघावं. रक्तातल्या गुठळीचं कारण शोधताना एमटीएचएफआरची चाचणी करू नये असं तज्ज्ञ संस्था कित्येक वर्षं सांगत आल्या आहेत, तरी पॅनेलमध्ये ती असतेच. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, केवळ या एका ओळीवर चार वर्षं वॉरफरिन घेत होत्या. दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते मोजणारी तपासणी), पालेभाजी खावी की नाही याची धास्ती, दोनदा नाकातून रक्त. गोळी बंद करायला सांगितली तर त्या घाबरल्या. कागदावर छापलेलं 'पॉझिटिव्ह' पुसणं हे औषध देण्यापेक्षा अवघड असतं.

होमोसिस्टीन मुळीच महत्त्वाचं नाही असं मात्र नाही. होमोसिस्टिन्युरिया नावाचा खरा, दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात पातळी शंभराच्या वर जाते, डोळ्यातलं भिंग जागचं सरकतं, अंगकाठी उंच-सडपातळ असते आणि विशीतच गुठळ्या होतात. आणि चीनमध्ये २०,००० हून जास्त उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीपीच्या गोळीसोबत फोलिक अ‍ॅसिड दिल्याने पहिला पक्षाघात साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाला होता. तिथे धान्यात फोलिक अ‍ॅसिड मिसळण्याची पद्धत नव्हती. त्यातून कळतं ते पोषणाबद्दल. तुमच्या भावाच्या एका प्रतीबद्दल त्यातून काही कळत नाही.

आता फॅक्टर फाइव्ह लायडन. हा जनुकाचा रिपोर्ट असल्याने कुठल्याही दिवशी, कुठल्याही औषधावर खराच येतो. १९९४ साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हा बदल ओळखला गेला. फॅक्टर फाइव्ह हे गोठण्याच्या साखळीतलं एक प्रथिन. काम झालं की प्रोटीन सी येऊन त्याला ठरावीक ठिकाणी कापतं. त्यातल्या ५०६ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन आलं, की कात्री तिथे नीट चालत नाही. फॅक्टर फाइव्ह जास्त वेळ कामावर राहतं, गुठळी जरा जास्त वाढते. बस, एवढंच. युरोपीय वंशाच्या शंभर माणसांत सुमारे पाच जण हा बदल घेऊन फिरतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात एकही गुठळी होत नाही. याचा जोडीदार म्हणजे प्रोथ्रॉम्बिनचा जी-२०२१०-ए हा बदल, तो १९९६ मध्ये सापडला आणि त्यात प्रोथ्रॉम्बिनच जास्त तयार होतं.

हे दोन्ही बदल शिरांमधल्या गुठळीचे आहेत, धमन्यांमधल्या नव्हे. पॅनेल मागवताना बरेचदा हाच फरक विसरला जातो. शिरेत रक्त संथ असतं, तिथे फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकून लाल, लिबलिबीत गुठळी होते. गोठवणाऱ्या प्रथिनांचं राज्य तिथे. धमनीत रक्त जोरात धावतं, तिथे भिंत खरवडली गेली की प्लेटलेट्स चिकटतात आणि पांढुरकी, घट्ट गुठळी होते. म्हणूनच पायातल्या गुठळीला आपण वॉरफरिन किंवा तत्सम औषध देतो आणि धमनीतल्या पक्षाघाताला बहुधा प्लेटलेट्स चिकटू न देणारी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. एक प्रत असलेल्या लायडनने पायातल्या गुठळीची शक्यता तीन ते पाच पट होते. धमनीतल्या पक्षाघाताशी त्याचं नातं मात्र जेमतेम दिसतं, तरुणांत थोडं जास्त, तरी एकट्याने कारण ठरावं इतकं नाही.

मग हे बदल पक्षाघातात कधीच मोलाचे नसतात का? असतात, दोन वाटांनी.

पहिली वाट हृदयातल्या भोकाची. गर्भात असताना हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेसारखी फट असते, जन्मानंतर ती मिटते. दर चार जणांत एकाची पूर्ण मिटत नाही. तिला पीएफओ म्हणतात. पायाच्या शिरेत झालेली गुठळी एरवी फुफ्फुसात जाऊन अडकली असती, ती या फटीतून डावीकडे निसटते आणि थेट मेंदूत पोहोचते. म्हणजे लाल गुठळी, शिरेतली, पण बसली धमनीत. इथे लायडन, प्रोथ्रॉम्बिन, प्रोटीन एस सगळे पुन्हा चित्रात येतात. तपासायला बबल टेस्ट करतात: सलाइनमध्ये थोडी हवा घुसळून बारीक बुडबुडे करायचे, हाताच्या शिरेतून सोडायचे, रुग्णाला कुंथायला सांगायचं आणि इकोच्या पडद्यावर बघत राहायचं. आधी उजवा कप्पा दुधासारखा पांढरा होतो. रुग्ण श्वास सोडतो, आणि तीन ठोक्यांच्या आत डाव्या बाजूला ठिपके दिसले, की फट आहे. ठिपके मोजतात. दोन-चार असले तर फार काही नाही, पण कधी अख्खा डावा कप्पा चमकून जातो. २०१७ साली एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या अभ्यासांनंतर, साठीच्या आतल्या निवडक रुग्णांत छत्रीसारख्या उपकरणाने ही फट बंद करणं रूढ झालं. 'निवडक' हा शब्द महत्त्वाचा. चौघांत एकाला फट असते, म्हणून फट दिसली की तीच दोषी असं होत नाही. लांबच्या प्रवासानंतर, प्लास्टरमध्ये पाय असताना किंवा जोरात कुंथताना झटका आला असेल, पोटरी सुजली असेल, तर संशय बळावतो.

दुसरी वाट मेंदूच्या शिरांची. पक्षाघात म्हटलं की सगळे धमनीचा विचार करतात, पण मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांतही गुठळी होते. एकूण पक्षाघातांत हिचा वाटा शंभरात एकाच्या आसपास, पण रुग्ण तरुण असतात आणि चारांतल्या तीन स्त्रिया. बाळंतपणानंतरचे आठवडे आणि गर्भनिरोधक गोळ्या ही मोठी कारणं, आणि आनुवंशिक बदल खऱ्या अर्थाने भर घालतात ते इथे. लक्षणं फसवी: हळूहळू वाढत जाणारी डोकेदुखी, आडवं झालं की जास्त, नजर अंधूक, मग अचानक फिट. माझ्या उमेदवारीच्या काळातली एक बाई मी विसरलेलो नाही. बाळंत होऊन तीन आठवडे झालेल्या. डोकं दुखतंय म्हणून आल्या, झोप नाही, अर्धशिशी जुनीच, मी गोळी लिहून दिली आणि पाठवलं. दोन दिवसांनी फिट येऊन परत आल्या. व्हेनोग्राममध्ये (शिरांच्या चित्रात) मेंदूवरची मोठी शीर गुठळीने भरलेली. त्या वाचल्या, चालत घरी गेल्या. तेव्हापासून बाळंतिणीची डोकेदुखी असेल तर ऑप्थॅल्मोस्कोप घेऊन डोळ्याच्या पडद्यावर सूज आहे का हे पाहिल्याशिवाय मी कागद पुढे सरकवत नाही. या आजारात साध्या सीटी स्कॅनवर भरवसा ठेवता येत नाही. शिरांचं चित्र मुद्दाम काढायला सांगावं लागतं. आणि उपचार ऐकून नातेवाईक दचकतात, कारण शीर तुंबून मेंदूत थोडा रक्तस्राव झालेला असला तरी आम्ही हेपरिनच देतो.

तुमच्या भावाच्या एमआरआयमध्ये धमनीच्या हद्दीतला इन्फार्क्ट आहे, तेव्हा ही दुसरी वाट त्याची नाही. पहिली तपासून घ्यायला हवी.

तरुण रुग्णात गोठण्याची एकच तपासणी करायची मुभा दिली, तर मी यांतली कुठलीच करणार नाही. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज करीन. हा दोष जन्मजात नसतो, नंतर जडतो. शरीर स्वतःच्याच विरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि गुठळ्या शिरांतही होतात, धमन्यांतही. लायडनपेक्षा हा वेगळा पडतो तो इथे. तपासण्या तीन: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२-ग्लायकोप्रोटीन. पहिलीचं नाव सपशेल दिशाभूल करणारं आहे. परीक्षानळीत रक्त गोठायला जास्त वेळ लागतो म्हणून 'अँटिकोअ‍ॅग्युलंट', शरीरात मात्र ते नको तिथे गोठतं. आणि ज्यांना ल्युपस (शरीर स्वतःवरच उलटण्याचा एक आजार) नाही अशांतही सापडतं. त्यामुळे दाखल करताना केलेल्या साध्या एपीटीटीचा (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचा) आकडा विनाकारण लांबलेला दिसला, तर 'रक्त पातळ आहे' असं म्हणून सोडू नये. मी तिथे थबकतो. वारंवार गर्भपात, विशेषतः दहा आठवड्यांनंतरचे. प्लेटलेट्स जराशा कमी. मांड्यांवर जाळीसारखे जांभळट पट्टे. यांतलं काही असेल तर संशय पक्का होत जातो.

इथेही तारखेचा खेळ आहे. साध्या संसर्गानंतर या अँटिबॉडीज काही आठवडे येऊन जातात, म्हणून एकदा पॉझिटिव्ह आल्यावर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह यावी लागते, तेव्हाच निदान. निदान झालं तर मात्र जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळीचा प्रश्न खरोखर उभा राहतो, आणि ती गोळी वॉरफरिनच असते, आयएनआर २ ते ३. नवीन सोयीच्या गोळ्या इथे चालत नाहीत. तिन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्यांत रिव्हारोक्साबान ही त्यांतलीच एक गोळी वापरून पाहणारी चाचणी २०१८ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, कारण त्या गटात पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके जास्त आले. तुमच्या प्रश्नात या तीन चाचण्यांचा उल्लेख नाही. पॅनेलमध्ये एमटीएचएफआर आहे आणि या नाहीत, असं मी खूपदा पाहिलंय.

साध्या हिमोग्रामवरूनही बरंच कळतं. हिमोग्लोबिन १८, प्लेटलेट्स सहा लाख असे आकडे असतील तर जेएके-२ हे जनुक तपासावं. ते अस्थिमज्जेचं दुखणं असतं, जनुकातला बदल जन्मतः नसून नंतर झालेला. सिकल सेल आजार घराण्यात असेल तर गोष्टच वेगळी. तिथे पक्षाघात लहान मुलांना येतो, आणि तो येण्याआधी ओळखता येतो: डोक्यावर डॉपलर (एक प्रकारची सोनोग्राफी) ठेवून रक्ताचा वेग मोजायचा, तो सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेला तर नियमित रक्त चढवायचं. १९९८ च्या अभ्यासात एवढ्याने पहिला पक्षाघात ९० टक्क्यांहून अधिक टळला. आनुवंशिक पक्षाघात रोखण्यातलं इतकं स्वच्छ यश मला दुसरं आठवत नाही.

'आनुवंशिक' हा शब्द घरात फिरतोच आहे, तर ज्या जनुकांमुळे खरोखर तरुणपणी पक्षाघात येतो ती गोठण्याच्या पॅनेलमध्ये नसतातच. ती रक्तवाहिनीच्या भिंतीची असतात. ती शोधायला प्रयोगशाळेआधी घराण्याची गोष्ट ऐकावी लागते. वडिलांना तिशीत दृष्टी चमकणारी अर्धशिशी, चाळिशीत उदासीनता, पन्नाशीत छोटे छोटे झटके आणि मग विसर. आजीलाही 'म्हातारपणाआधीच भ्रम' झालेला. असं ऐकलं की एमआरआयमध्ये मी कानशिलाजवळच्या भागाचं टोक बघतो. तिथे दोन्हीकडे पांढरट डाग असतील तर कॅडासिल, म्हणजे नॉच-३ जनुकातला दोष. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. लहानपणापासून तळहात-तळपाय जळतात, घाम येत नाही, लघवीत प्रथिन जातं, बेंबीखाली बारीक लालसर-काळे ठिपके: फॅब्री, आणि याला एन्झाइमचं औषध आहे, म्हणून तो चुकवणं महागात पडतं. आईकडून आलेला बहिरेपणा आणि मधुमेह, ठेंगणी चण, फिट्स आणि कुठल्याही एका धमनीच्या हद्दीत न बसणारा डाग: मायटोकॉन्ड्रियाचा आजार मेलास. डोक्याच्या बुडाशी मोठ्या धमन्या हळूहळू बंद होऊन धुरासारखं बारीक वाहिन्यांचं जाळं: मोयामोया. एकेकट्याने बघितलं तर हे सगळे आजार विरळा. तीन पिढ्यांची माहिती विचारायला दहा मिनिटं लागतात, तेवढी जरूर द्यावीत.

आता मानदुखी.

डाव्या बाजूची मान आणि डोळ्यामागचं दुखणं, व्यायामानंतर सुरू झालेलं, पूर्वी कधी न झालेलं, आणि आठवड्याच्या आत मेंदूच्या डाव्याच बाजूला इन्फार्क्ट. हे ऐकून कोणत्याही पक्षाघाताच्या डॉक्टरच्या मनात पहिला शब्द येतो तो डिसेक्शन. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या आतल्या अस्तराला चीर जाते, भिंतीच्या थरांमध्ये रक्त शिरतं, धमनी आतून अरुंद होते आणि त्या खरबरीत जागी तयार झालेली गुठळी वर मेंदूत जाते. तरुणांतल्या गुठळीच्या पक्षाघातांत पाचातल्या एकाच्या मागे हेच असतं. वजन उचलताना, मान झटकन वळवताना, जोरात खोकताना, कधी काहीच न करता. एक गोष्ट घरी बसून करा: त्या आठवड्यातले भावाचे फोटो मोठे करून बघा. डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली आहे का? बाहुली लहान आहे का? कॅरोटिडच्या भिंतीलगत डोळ्याकडे जाणारे बारीक मज्जातंतू असतात, भिंत सुजली की ते दबतात. एका रुग्णाचं निदान मी त्याच्या बायकोच्या मोबाइलमधल्या वाढदिवसाच्या फोटोवरून पक्कं केलं होतं.

मी त्याला तपासलेलं नाही, तेव्हा हा संशय आहे, निदान नव्हे. पण मानेच्या धमन्यांचं चित्र काढलंय का, हे आज विचारा. सीटी अँजिओ किंवा एमआर अँजिओ, आणि एमआर करत असाल तर मानेचे फॅट-सॅच्युरेटेड टी-१ काप. भिंतीतलं रक्त त्यात पांढऱ्या चंद्रकोरीसारखं उठून दिसतं. नुसतं 'कॅरोटिड डॉपलर नॉर्मल' यावर थांबू नका, कारण चीर बहुधा कवटीच्या बुडाशी असते आणि डॉपलर तिथवर पोहोचत नाही. दोन महिने झालेत, धमनी बरीचशी भरून आली असेल, तरी खुणा सापडू शकतात. त्या वेळची जुनी अँजिओ असेल तर तीच दुसऱ्या डोळ्यांनी पुन्हा बघून घ्या, ते अधिक बरं.

डिसेक्शन निघालं तर बातमी तशी बरी आहे. बहुतेकांची धमनी तीन ते सहा महिन्यांत सांधते, पुन्हा तसंच होण्याचं प्रमाण कमी असतं. उपचार अ‍ॅस्पिरिन किंवा काही महिने रक्त पातळ करणारं औषध. २०१५ मध्ये आलेल्या तुलनेत दोघांत ठळक फरक दिसला नव्हता. यामागे एकच एक आनुवंशिक दोष क्वचित असतो. त्वचा पातळ, सहज काळी-निळी पडणारी, घरात कुणाची मोठी धमनी किंवा आतडं अचानक फुटलेलं असेल तर कोल-३-ए-१ हे जनुक तपासतात. सर्वसामान्यांत आढळणारा पीएचएसीटीआर-१ या जनुकातला एक बदल मला फार गमतीशीर वाटतो: त्याचं एक रूप डिसेक्शन आणि अर्धशिशीकडे झुकतं, तर दुसरं या दोन्हींपासून वाचवतं पण हृदयाच्या धमन्यांना त्रास देतं. त्यावर उपचार ठरत नाही, पण 'वाईट जनुक' हा शब्द किती सैल आहे ते कळतं.

जन्मभराच्या गोळीबद्दल: लायडनची एक प्रत आणि धमनीतला पक्षाघात एवढ्यावर रक्त पातळ करणारं औषध जन्मभर देत नाहीत. पायातली गुठळी, अँटिफॉस्फोलिपिड किंवा हृदयाची अनियमित लय सापडली तर उत्तर बदलेल, म्हणून बबल टेस्ट आणि काही आठवड्यांचं हृदयाच्या ठोक्यांचं मॉनिटरिंग झालं नसेल तर करून घ्या. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) मोजा. ते जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असतं आणि नेहमीच्या कोलेस्टेरॉल तपासणीत दिसत नाही. सिगारेट 'अधूनमधून' चालणार नाही. आणि बीपी एकदा मोजून 'ठीक' म्हणू नका, घरी आठवडाभर मोजा. ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के भार बीपी, तंबाखू, साखर, बैठं जगणं अशा दहा बदलता येण्याजोग्या गोष्टींवर पडला होता, आणि तरुणही त्यातून सुटले नव्हते.

आता तुमचं. तुम्हाला लायडन असण्याची शक्यता निम्मी आहे, पण तुमचा निर्णय त्यावर अडलेला नाही. मला आधी सांगा, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी, चमकणारी रेघ येते का, जी वीस-तीस मिनिटांत पसरत जाते? हाताला किंवा ओठांना मुंग्या चढतात का? तसं असेल तर ती ऑरा असलेली अर्धशिशी, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार इस्ट्रोजेन असलेली गोळी अशा स्त्रीने कुठल्याही वयात घेऊ नये. ऑरामुळे पक्षाघाताची शक्यता साधारण दुप्पट होते, त्यात गोळी आणि सिगारेट आली की आणखी चढते. माहीत असलेल्या लायडनलाही तीच मनाई आहे. आकडा हवा असेल तर १९९४ च्या डच अभ्यासातला घ्या: वर्षाकाठी दर दहा हजार तरुणींत शिरेतली गुठळी, गोळी नाही आणि लायडन नाही तर एकीपेक्षा कमी, फक्त गोळी असेल तर ३, फक्त लायडन असेल तर सहाच्या आसपास, दोन्ही असतील तर २८. शेवटचा आकडा बेरजेने येत नाही, दोन धोके एकमेकांना गुणतात. आणि तरीही दहा हजारांतल्या ९,९७२ जणींना त्या वर्षी काही होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

ऑरा असेल तर तपासणीची वाट न बघता गोळी बदलून घ्या. तांबी, हार्मोनची तांबी किंवा नुसत्या प्रोजेस्टोजेनची गोळी हे पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. नवी सोय होईपर्यंत मधला काळ उघडा सोडू नका, कारण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो. ऑरा नसेल आणि हीच गोळी चालू ठेवायची असेल, तर लायडनची एकच डीएनए तपासणी करून घेण्यात अर्थ आहे, कारण तिच्या उत्तराने तुमचा निर्णय बदलेल. अख्खं पॅनेल नको. विशेषतः गोळी चालू असताना प्रोटीन एस मोजू नका. ते कमी येईल, आणि घरात आणखी एका माणसाची फाइल तयार होईल.

भावाच्या पुढच्या भेटीला जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: मान दुखायला लागली ती तारीख, झटक्याची तारीख आणि पॅनेलचं रक्त घेतल्याची तारीख. पॅनेलची सहा पानं मागे ठेवा, हा कागद आधी पुढे करा.